रात्री मदत मागायला मुलं घाबरू नयेत: कोल्हापुरातील प्राचार्य आणि रेक्टर यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, वसतिगृहांचे रेक्टर आणि विद्यार्थी विकास समन्वयक,
शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये, कोल्हापूर

विषय: विद्यार्थ्यांमधील जोखमीचे मद्यपान कमी करण्यासाठी नियमांत आणि कामाच्या पद्धतीत करावयाचे बदल

सप्रेम नमस्कार.

वसतिगृहाच्या खोलीत एखादा मुलगा दारू पिऊन निपचित पडतो, तेव्हा त्याच्या रूम पार्टनरांना एकाच वेळी दोन गोष्टींची भीती वाटते. याचं काही बरंवाईट होईल, ही एक. रेक्टरना कळलं तर बाडबिस्तरा गुंडाळावा लागेल, घरी फोन जाईल, ही दुसरी. बहुतेक वेळा दुसऱ्या भीतीपुढे पहिली मागे पडते आणि "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल" म्हणून दिवा मालवला जातो. दारूच्या विषबाधेत जीव जातो तो याच तासांत. हे तास वाचवणारा नियम करणं आपल्या अखत्यारीत आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. आमची पहिली मागणी तीच आहे. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, तेव्हापासून हे शहर परगावच्या पोरांना सांभाळत आलं आहे. दसरा चौकातली बोर्डिंगं असोत की राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोल्या, सांगली-साताऱ्याकडची, कोकणातली, सीमाभागातली मुलं इथे पहिल्यांदा घराबाहेर राहतात. घर सोडल्यानंतरचे पहिले दीड-दोन महिने सगळ्यांत नाजूक. नवे मित्र जोडायचे असतात, "नाही" म्हणायची हिंमत कमी असते, आणि नेमकी त्याच सुमारास गटारी, फ्रेशर्स पार्टी आणि पावसाळी ट्रिपा येतात. त्यामुळे जे करायचं ते प्रवेश सुरू असतानाच करावं लागतं.

आता प्रमाणाबद्दल, कारण मुलांना आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षकांनाही ते माहीत नसतं. भारतात एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले लेबलवरची टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले 0.79. व्हिस्की किंवा रम 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे 30 मिलीचा छोटा पेग एक ड्रिंक आणि 60 मिलीचा मोठा पेग दोन. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये जवळपास 61 ग्रॅम अल्कोहोल येतं, म्हणजे सहा ड्रिंक. 650 मिलीची 5 टक्क्यांची बिअर अडीच ड्रिंकची, आणि 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर चारची. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेण्याला अतिसेवन मानते. म्हणजे "मी फक्त एक क्वार्टर घेतो" म्हणणारा मुलगा प्रत्येक वेळी ती रेषा ओलांडत असतो, आणि त्याला स्वतःला तो बेतानेच पितो असं मनापासून वाटत असतं.

साठ किलो वजनाच्या मुलाने तासाभरात क्वार्टर संपवली तर त्याच्या रक्तातलं अल्कोहोल 100 मिलीमागे साधारण 150 मिलिग्रॅमपर्यंत जातं. पन्नास किलोच्या मुलीत तेवढ्याच दारूने ते 220 च्या घरात जाऊ शकतं, कारण वजन कमी आणि शरीरातल्या पाण्याचं प्रमाणही कमी. यकृत तासाला जेमतेम 15 ते 20 मिलिग्रॅम उतरवतं. कॉफी, लिंबू सरबत, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. सलाईन लावली की दारू उतरते, हाही गैरसमजच आहे. रात्री अकराला क्वार्टर संपवलेला मुलगा सकाळी सातच्या लेक्चरला गाडीवर निघतो, तेव्हाही तो मोटार वाहन कायद्याच्या 30 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आसपासच असतो. दोन क्वार्टर घेतल्या असतील तर तो त्या वेळीही पुरता नशेत असतो. कलम 185 खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रात्री गाडीची किल्ली काढून घेणारे मित्र असतात. सकाळी कोणीच घेत नाही. हे वर्गात एकदा फळ्यावर मांडून दाखवा. यकृताच्या चित्रांपेक्षा मुलं हे जास्त लक्ष देऊन ऐकतात.

कोल्हापुरी जेवणाचा क्रमही इथे नडतो. ढाब्यावर आधी "बसणं" होतं, खारे शेंगदाणे आणि फरसाण समोर येतं, तहान वाढते, आणि मटणाचं ताट, तांबडा-पांढरा, भाकरी हे सगळं शेवटी. तोवर दारू रिकाम्या पोटी रक्तात जाऊन बसलेली असते. तेच ताट आधी आलं तर अल्कोहोल सावकाश शोषलं जातं आणि रक्तातली त्याची कमाल पातळी कमी राहते. पिणाऱ्याला फार काही न सोडता करता येण्यासारखा हा पहिला बदल आहे.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षं आहे आणि इतर मद्यासाठी 25. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या जवळपास सगळ्यांनाच व्हिस्की-रम घेणं बेकायदेशीर आहे. ही अट योग्यच आहे आणि दुकानदारांनी ती पाळावी यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे पाठपुरावा करणं हे महाविद्यालयांचं काम आहे. पण लपूनछपून पिणारा माणूस घाईने पितो, हेही लक्षात घ्यायला हवं. बॅगेत मावते म्हणून बिअरऐवजी क्वार्टर घेतली जाते. गेट दहाला बंद होतं म्हणून ती साडेनऊच्या आत संपवायची असते. रेक्टर राउंडला निघाल्याची कुणकुण लागली की उरलेली बाटली मोरीत ओतली जात नाही, ती घशाखाली जाते. अचानक टाकलेल्या छाप्याने एखादी बाटली सापडते, पण शेजारच्या खोलीत कोणीतरी पाच मिनिटांत तीन ड्रिंक पोटात घातलेली असतात. गेटवर तोंडाचा वास घेणं किंवा मशीन लावणं हेही आम्हाला धोक्याचं वाटतं. पकडलं जाणार हे कळलं की मुलं आत येतच नाहीत. ती पुलाखाली, रंकाळ्याच्या कडेला किंवा हायवेवर थांबतात, आणि रात्री उशिरा केएमटीची बस नसते म्हणून शेवटी गाडीवरच निघतात.

म्हणून वसतिगृहाच्या नियमावलीत पुढचा मजकूर घालावा, ही विनंती:

"दारू किंवा अन्य नशेमुळे कोणाची प्रकृती बिघडली असता जो विद्यार्थी मदत मागेल आणि ज्याच्यासाठी मागितली जाईल, त्या दोघांवर त्या रात्रीच्या सेवनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. दोघांनीही आठ दिवसांच्या आत समुपदेशकाची भेट घेणे आवश्यक राहील. नशेत परतलेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही वेळी आत घेतले जाईल. मारहाण, लैंगिक छळ, रॅगिंग आणि दारूची विक्री यांना ही सवलत लागू नाही."

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. "जो मदत मागेल" हे नसेल तर स्वतःही प्यायलेला मित्र फोन करणार नाही, आणि खोलीत शुद्धीवर असलेला बहुधा तोच असतो. समुपदेशकाची अट नसेल तर ही नुसती माफी होते. शेवटचं वाक्य नसेल तर रॅगिंग करणारे या नियमाआड लपतील. ज्युनियरला बळजबरीने दारू पाजणं हा रॅगिंगचाच प्रकार आहे आणि त्याची तक्रार 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये अशा स्वरूपाचा नियम केला, तेव्हा मदतीसाठी येणारे फोन वाढले, पिण्याचं प्रमाण मात्र वाढलं नाही. असा नियम केला की मुलं मोकाट सुटतील, ही आपल्या मनातली शंका आम्ही समजू शकतो. पण कोणी मदत मिळेल या भरवशावर पीत नसतो. मदत मागायची की नाही हा प्रश्न पिऊन झाल्यावर येतो.

मुलींच्या वसतिगृहात हा नियम आणखी गरजेचा आहे. तिथे बदनामीची भीती दुप्पट असते आणि फोन सगळ्यांत उशिरा होतो. नशेमुळे काय चाललंय हे समजत नसलेल्या मुलीची संमती ही कायद्यानेही संमती नव्हे, आणि अत्याचार झालेल्या मुलीला "तू प्यायली होतीस का" हा प्रश्न आधी विचारला गेला तर ती पुढचं काहीच सांगणार नाही. रेक्टरबाईंना हे स्पष्ट शब्दांत, लेखी सांगून ठेवा.

घरी कळवायचं का? विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल किंवा रुग्णालयात दाखल करावं लागलं तर कळवायलाच हवं. फोनवर प्रकृतीची माहिती द्या, आरोपपत्र वाचू नका. अन्य वेळी त्याला विश्वासात घेऊन, त्याच्यासमोर बोला. रुग्णालयाने एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) अशी नोंद केली तर मुलं हादरतात. एमएलसी ही रुग्णालयाची नोंद आहे, तो गुन्हा नव्हे, आणि पोलिसांच्या सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच स्पष्ट केलं आहे.

आता त्या रात्री खोलीत काय करायचं ते. रेक्टर, रात्रपाळीचा वॉचमन आणि प्रत्येक मजल्यावरचे दोन विद्यार्थी, एवढ्यांना हे दोन तासांत शिकवता येतं, आणि हात लावून शिकवलं तरच येतं.

शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू अर्धा ते दीड तास रक्तात जात राहते. म्हणजे आता बडबडणारा मुलगा वीस मिनिटांनी बेशुद्ध होऊ शकतो. "झोपलाय" म्हणण्याआधी त्याचं नाव मोठ्याने घ्या, खांदे हलवा, चिमटा काढा. डोळे उघडून, काहीतरी समजण्यासारखं बोलला नाही तर ती झोप नाही. छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, घुरघुर, ओठ किंवा नखं निळसर, अंग गार आणि ओलसर, झटके, झोपेतच उलटी: यातलं एक जरी दिसलं तरी 108. सगळी लक्षणं दिसायची वाट पाहायची नाही. डोक्याला मार लागला असेल, झोपेच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध सोबत घेतलं असेल, मधुमेह असेल किंवा दिवसभर उपाशी असेल तर लक्षणं नसतानाही रुग्णालयातच न्या. उपाशीपोटी प्यायलेल्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि डोक्यातला रक्तस्राव नशेसारखाच दिसतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवायचं. शेजारी गुडघे टेकून बसा. आपल्या बाजूचा त्याचा हात खांद्यातून काटकोनात बाहेर काढा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याच्या तळव्याची पाठ आपल्या बाजूच्या गालाखाली धरा. पलीकडचा गुडघा उभा करा आणि त्या गुडघ्याला धरून अंग आपल्याकडे वळवा. वरचा पाय गुडघ्यात दुमडलेला राहू द्या म्हणजे तो पालथा पडणार नाही. हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे झुकलेलं, म्हणजे उलटी बाहेर पडेल. पाठीमागे भरलेली सॅक लावली तर तो उताणा होत नाही, पण सॅक लावून निघून जायचं नाही. एक माणूस जवळ हवाच, आणि दर दहा मिनिटांनी श्वास मोजायचे.

उलटी करवण्यासाठी घशात बोटं घालणं, मिठाचं पाणी पाजणं, ताक-लिंबू तोंडात ओतणं हे जीवघेणं ठरू शकतं. नशेत गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया मंदावते आणि पाजलेलं फुप्फुसात जातं. बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली उभं केलं की माणूस घसरतो किंवा अंगातली उष्णता आणखी घटते. दोघांच्या मध्ये बसवून बाइकवरून नेणंही नको. मान पुढे पडली तरी श्वास अडतो. डॉक्टरांना चार गोष्टी सांगायच्या: काय प्यायला, साधारण किती, किती वाजता, सोबत काही गोळी घेतली का. बाटली आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात खरं सांगितल्याने उपचार लवकर सुरू होतात. "फूड पॉयझनिंग आहे" सांगितलं की तपासण्यांत वेळ जातो.

सील नसलेली, सुटी किंवा संशयास्पद स्वस्त दारू प्यायलेल्याला दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागलं, पोटात दुखलं, श्वास जोरजोरात सुरू झाला, तर ते मिथेनॉल असू शकतं. नशा उतरलेली असते म्हणून मुलं हँगओव्हर समजून पडून राहतात, तर नजर कायमची जाऊ शकते. वेळेत पोहोचल्यास उपचार आहेत.

तातडीचा भाग इथे संपतो. सवयीवर काम करायचं तर जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची मोफत प्रश्नावली पुरेशी आहे. गुण 0 ते 40. 8 ते 15 असतील तर साधा सल्ला, 16 ते 19 असतील तर काही भेटींचं समुपदेशन आणि पाठपुरावा, 20 किंवा जास्त असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे. प्रश्न "किती ड्रिंक" असे असतात. ते क्वार्टर, पेग आणि बाटलीत बदलून शेजारी छापा, नाहीतर उत्तरं चुकतात. प्रश्नावली प्रवेश अर्जाला कधीही जोडू नका. रोल नंबर लिहायला लावला, वर्गशिक्षकांनी गोळा केला, किंवा समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून ठेवली, की सगळे शून्य गुण भरतात. विद्यार्थ्याने स्वतः भरावी, स्वतः बेरीज करावी, कागद स्वतःजवळ ठेवावा, आणि वाटलं तर घेऊन यावं.

आल्यावरचं बोलणं पंधरा-वीस मिनिटांचं. सुरुवात परवानगीने: "यावर थोडं बोललो तर चालेल?" मग "प्यायल्यावर काय बरं वाटतं?", आणि ते पूर्ण ऐकून झाल्यावर "आणि काय नडतं?" त्याचा क्वार्टरचा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडायचा. मग विचारायचं, "कमी करणं तुला 0 ते 10 मध्ये किती महत्त्वाचं वाटतं?" तो चार म्हणाला तर पुढचा प्रश्न: "चार का, दोन का नाही?" यावर तो स्वतःची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगतो. "आठ का नाही?" विचारलंत तर सबबी ऐकायला मिळतील. कारणं बाहेर आली की एकच गोष्ट ठरवायची, त्याने निवडलेली: महिनाभर बंद, किंवा आधी जेवण, किंवा किल्ली दुसऱ्याकडे, किंवा रूमवर बसायचं आमंत्रण आलं तर काय सांगून निघायचं. ती तारखेसह लिहायची आणि दोन आठवड्यांनी दहा मिनिटं पुन्हा भेटायचं. कायद्याने आणि तब्येतीने या वयाला न पिणंच बरं, हे स्पष्ट सांगावं. पण जो पिणारच आहे त्याला कमी धोक्याचा रस्ता न सांगता परत पाठवू नये.

हे काम मानसोपचारतज्ज्ञच करू शकतो असं नाही. शेजारच्या गोव्यात संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन देऊन पाहिलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतर मागच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात 42 टक्के होतं, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 18 टक्के. ते प्रौढ पुरुष होते, विद्यार्थी नव्हेत, पण पद्धत शिकता येते हे त्यातून दिसतं. एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि इच्छुक प्राध्यापक यांच्यापासून सुरुवात करता येईल. महाविद्यालयात समुपदेशक नसेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416 आणि नशामुक्तीची हेल्पलाइन 14446 हे क्रमांक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून कोणी असे नंबर टिपून घेत नाही.

मोजकी मुलं रोज पितात, आणि त्यांना एकदम बंद करायला लावू नये. हात थरथरणं, घाम, मग सहा ते 48 तासांत झटके, आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. अशा मुलाची बाटली जप्त करून त्याला खोलीत कोंडणं किंवा एकट्याला एसटीत बसवून गावी पाठवणं जोखमीचं आहे. त्याला थेट मानसोपचार ओपीडीत न्या.

26 जूनची अमली पदार्थविरोधी दिनाची शपथ आणि ऑक्टोबरचा व्यसनमुक्ती सप्ताह जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. वर्षातून एकदा दिलेल्या भाषणाने पिणाऱ्याचं प्रमाण बदलत नाही. "सगळेच पितात" हा मुलांचा अंदाज बहुतेक ठिकाणी फुगलेला असतो. नाव न घेता आपल्याच महाविद्यालयाचं सर्वेक्षण करा आणि न पिणाऱ्यांचा खरा आकडा लावा. त्याचा उपयोग कवटीच्या पोस्टरपेक्षा जास्त होतो. गॅदरिंगला सोडा किंवा पाण्याच्या नावाखाली दारूच्या ब्रँडची स्पॉन्सरशिप घेऊ नका.

ट्रिपबद्दल थोडक्यात. राऊतवाडी, बर्की, आंबोली, पन्हाळा, कुठेही जायचं तर गाड्यांऐवजी बस ठरवा, जेवण दुपारी वेळेवर ठेवा, धबधब्याच्या कुंडात प्यायलेल्याला उतरू देऊ नका, आणि परतीचा घाट अंधार पडायच्या आत उतरा. तालीम मंडळं आणि फुटबॉल संघांचे ज्येष्ठ खेळाडू यांना या कामात घ्या. पेठेतली पोरं प्राध्यापकांपेक्षा त्यांचं ऐकतात, आणि खेळाडूला प्यायल्यानंतरच्या दिवशी दम कसा लागतो हे तेच पटवून सांगू शकतात.

वर दिलेल्या नियमाचा मसुदा आपल्या नियमावलीप्रमाणे बदलून घ्या, प्रवेशाच्या वेळी पालकांसमोर वाचून दाखवा, आणि वॉचमनच्या टेबलावर काचेखाली ठेवा. रात्री कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर त्याच कागदावर ठळक अक्षरांत हवा, आणि तो फोन रात्री सुरू असायला हवा. प्रशिक्षणाचे दोन तास आम्ही विनामूल्य द्यायला तयार आहोत, रात्रपाळीच्या लोकांना सोयीची वेळ आपण ठरवावी.

आपले,
कोल्हापुरातील काही डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि प्राध्यापक